जिथे ती अडली, तिथे शब्द बदलला

तुमच्या मोबाइलच्या नोट्समध्ये किती कविता अर्धवट पडल्या आहेत? जरा मोजून बघा. वर्धा, हिंगणघाट, आर्वी, कुठल्याही कॉलेजात जा, लिहिणारे भरपूर. दाखवणारे कमी. आणि दाखवायचं तेही ‘भारी रे!’ म्हणणाऱ्या दोस्तालाच! म्हणून विनोबांची एक गोष्ट ऐका. पान उलटू नका, भूदानाचा धडा नाहीये हा.

गोपुरीचं गीताई मंदिर तुम्ही पाहिलं असेल. छप्पर नाही, मूर्ती नाही. नुसत्या उभ्या शिळा आणि त्यांवर कोरलेली मराठी गीता. आपण सेल्फी काढून निघतो. दगडावर जाण्याआधी या ओळींत किती खाडाखोड झाली, हे तिथे कसं दिसणार?

विनोबांच्या आईला संस्कृत गीता कळत नव्हती. वामन पंडितांचा मराठी अनुवादही तिला जड गेला. मग तूच का करत नाहीस, असं तिने मुलाला विचारलं. १९१८ मध्ये ती गेली. विनोबा गीताई लिहायला बसले ते १९३० च्या ऑक्टोबरमध्ये, इथे वर्ध्यात. मधली बारा वर्षं गीता मनात मुरत होती. (तरुणपणी ते कविता करायचे आणि मनासारखी जमली की अग्नीत टाकायचे. हे मात्र कॉपी करू नका!) फेब्रुवारी १९३१ मध्ये गीताई पूर्ण झाली. सातशे श्लोक, चार महिने. म्हणजे दिवसाला सरासरी पाच-सहा.

खरी गंमत पुढेच आहे. छापण्याआधी विनोबांनी ती आश्रमातल्या एका लहान मुलीला शिकवली. तिला जो शब्द अवघड गेला, तो टिपला आणि बदलला. एवढा व्यासंगी माणूस, आणि परीक्षक कोण, तर एक चिमुरडी! तिचं कौतुक त्यांना नकोच होतं. ती कुठे अडते, तेवढं हवं होतं. लाइक्समधून हे कधीच कळत नाही.

तर या रविवारी कविता, एकांकिकेचा प्रवेश, स्टँडअपचं स्क्रिप्ट, जे असेल ते धाकट्या बहिणीच्या किंवा रूममेटच्या हातात द्या. मोठ्याने वाचायला सांगा. तुम्ही गप्प बसा. अर्थ समजावायला लागलात की संपलं. वाचणारा जिथे अडखळेल, तिथे पेन्सिलने खूण करा. रात्री तेवढंच पुन्हा लिहा आणि पुढच्या आठवड्यात दुसऱ्या कुणाला तरी वाचायला द्या. पहिल्या वेळी पान खुणांनी भरेल, वाचणाऱ्याचा रागही येईल. येऊ द्या. त्याला चहा मात्र पाजा.