घाटांतील सायकल-शर्यत कशी पाहावी

मुंबई-पुणें सायकल-शर्यत पाहावयाची तर ती बोरघाटांत, पुण्यास शेवटच्या रेषेपाशीं नव्हे, असें माझें मत आहे. सपाटीवर स्वार एकमेकांच्या आडोशानें वारा चुकवीत ताशीं ४० किलोमीटरच्या वेगानें जातात; पातें लवतें न लवतें तोंच घोळका दिसेनासा होतो. खोपोली सुटली कीं चढण लागते, वेग मंदावतो, आडोसा फारसा कामास येत नाहीं आणि ज्याचें त्याचें बळ उघडें पडतें. घाटमाथा प्रथम गांठणाऱ्यास या शर्यतींत 'घाटांचा राजा' हा किताब देत आले आहेत. फ्रान्सच्या सुप्रसिद्ध शर्यतींतही १९३३ पासून पर्वतावरील पराक्रमाची गणना निराळी होते.

तारीख वर्तमानपत्रांत पाहून घ्यावी. आमच्या नंदुरबारकडील मंडळींनीं आदल्या रात्रींच खंडाळा किंवा लोणावळा गांठावें, आणि सकाळीं लवकर जुन्या रस्त्यानें शिंगरोबाच्या देवळाकडे उतरावें. खालचें वळण नजरेंत राहील अशी चढणीची जागा धरावी. पाणी, टोपी, शिदोरी बरोबर असावी. मुलांचा हात सोडूं नये. कौतुकानें स्वारास ढकलण्याचा मोह कित्येकांस होतो. दमलेल्या माणसाचा तोल तेवढ्यानें जातो, हें लक्षांत ठेवावें. पहिले दहा गेले म्हणून उठूं नये. खरी झुंज पुष्कळदां मागेंच चाललेली असते. अखेरच्या स्वारामागून मोटारी सुटतात, तेव्हां त्यापूर्वींच रस्त्याच्या आपल्या बाजूस यावें.