वजनाची सुई आणि आपले दात

पनवेलला राहणाऱ्या आमच्या खालांची दाढ अचानक ठणकू लागली. थंड पाणीही सोसवेना. दातांच्या डॉक्टरांनी विचारले, "कोणती औषधे चालू आहेत?" खाला म्हणाल्या, "फक्त बीपीची गोळी." घरी आल्यावर फ्रिजमध्ये भाजीमागे लपवलेले इंजेक्शनचे पेन आम्हाला दिसले. "सुई टोचून बारीक झाली, असं लोक म्हणतील," या भीतीने त्या गप्प होत्या.

'मौंजारो' हे इंजेक्शन मार्च २०२५ मध्ये आणि 'वेगोव्ही' जून २०२५ मध्ये भारतात आले. आठवड्यातून एकदा घ्यायच्या या औषधांनी भूक मंदावते, अन्न जठरात जास्त वेळ राहते. त्यामुळे काहींना मळमळ, उलट्या, आंबट ढेकर असा त्रास होतो. औषध स्वतः दात खात नाही; पण वर येणाऱ्या आम्लाने दातांचे कठीण आवरण झिजते आणि ते पुन्हा तयार होत नाही. शिवाय खाणे-पिणे घटले की तोंड कोरडे पडते. लाळ दातांची राखणदार. ती आटली की कीड आणि दुर्गंधी वाढते.

मग काय करावे? उलटीनंतर लगेच ब्रश किंवा मिस्वाक करू नये. आम्लाने मऊ झालेला थर घासून निघतो. आधी ग्लासभर पाण्यात अर्धा चमचा खाण्याचा सोडा घालून चुळा भराव्यात, तासाभराने फ्लोराइडच्या पेस्टने दात घासावेत. मळमळीवर लिमलेटच्या गोळ्या किंवा लिंबू चघळत बसू नये. मिश्री तर नकोच. दिवसभर घोटघोट पाणी प्यावे.

रमजानमध्ये पाण्याची ही सोय इफ्तार ते सेहरीपुरतीच उरते. म्हणून रोजे सुरू होण्याआधीच औषध देणाऱ्या डॉक्टरांशी बोलावे. मधुमेहासाठी सुई चालू असेल, तर ती परस्पर बंद करू नये. गुंगी देऊन दाढ काढायची असेल, तर या इंजेक्शनची कल्पना आधी द्यावी. पोटात अन्न उरलेले असले तर गुंगीत ते श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो.

पुढच्या खेपेला खालांनी सगळे सांगितले. डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी केसपेपरवर औषधाचे नाव लिहिले आणि विचारले, "उलट्या किती दिवसांपासून होतात?" हा प्रश्न पहिल्याच दिवशी विचारला जाऊ शकला असता. आपल्या घरातही कुणाच्या फ्रिजमध्ये असे पेन असेल, तर त्यांना टोमणे मारू नका. सोबत दवाखान्यात जा.