कोर्सचा नंबर कितवा?

मदतनिधीसाठी गोल्फचा दिवस ठरला आणि पहिला प्रश्न आला, "कोर्स रँकिंगमध्ये कितवा?" आम्ही पडलो सॉफ्टवेअरवाले. आकडा दिसला की तो आला कुठून ते आधी बघतो. परीक्षक खेळून गुण देतात, त्यांची सरासरी काढतात, झाला नंबर! 'गोल्फ डायजेस्ट'ने 1966 साली काढलेली यादी तर अमेरिकेतल्या सर्वांत 'अवघड' 200 कोर्सेसची होती. अवघड म्हणजे चांगला, हे कुणी ठरवलं?

कॅनडाचे थोर कोर्स-आर्किटेक्ट स्टॅन्ली थॉम्पसन 1953 साली वारले, म्हणजे ती यादी त्यांनी पाहिलीच नाही. त्यांची नजर जमिनीवर. जॅस्परला त्यांनी होल्सची दिशा समोरच्या शिखरांवर धरली, वाळूच्या खड्ड्यांचे आकार डोंगरांच्या रेषांशी जुळवले. केप ब्रेटनचा त्यांचा हायलँड्स लिंक्स 1941 चा. पुढे तिथे झाडं इतकी वाढली की समुद्र दिसेना, सावलीत हिरवळही खराब झाली. 2010 नंतर झाडं तोडली, तेव्हा कोर्स पुन्हा मोकळा झाला. आराखडा मूळचाच, पण गुण देणारा त्या दिवशीची हिरवळ बघणार ना! त्यात आर्किटेक्टचे किती आणि माळ्याचे किती, हे आकड्यातून कसं कळणार?

असो. आपला यंदाचा कोर्स कुठल्याच यादीत नाही. सपाट आहे, पाणी एकाच ठिकाणी, त्यामुळे पहिल्यांदाच काठी धरणाऱ्या काकूंचा चेंडूही सहसा सापडेल. चौघांच्या टीम्समध्ये अजून जागा आहेत, नावं लवकर द्या.