दोन्ही बाह्या डाव्या

सकाळी सहा. शटर अर्धंच वर. बाहेरून बघणाऱ्याला वाटावं झाडलोट चाललीय; खरं तर दिवसातलं सगळ्यात नाजूक काम याच वेळी होतं, ब्लाउज बेतायचं. फोन गल्ल्यात, आवाज बंद.

याला कारण एक पैठणी. काही वर्षांपूर्वी बेतताना फोन वाजला, "ताई, माझा झाला का?" खांदा वर करून फोन कानाशी दाबला आणि कात्री चालूच ठेवली. काठ मोजका, म्हणून घडी न घालता बाह्या सुट्या बेतत होते. बाहीचा मुंढा पुढून जास्त खोल, मागून कमी; म्हणून पहिली बाही उलटी ठेवून तिच्यावरून दुसरी कापायची असते. मी सुलटीच ठेवली. दोन्ही बाह्या डाव्या हाताच्या झाल्या, आणि काठ संपलेला. शेवटी त्या बाईंच्या परवानगीने, साडीचं नेसताना आत खोचलं जाणारं टोक हातभर कापून उजवी बाही काढली. शिलाई अर्थातच घेतली नाही. त्या काही बोलल्या नाहीत, त्याचंच जास्त लागलं.

नऊला दोघी मदतनीस येतात, साडेदहाला दुकान उघडतं. आता फोन घ्यायला हरकत नाही.

"काकू, परवा साखरपुडा आहे, उद्या देता ना?"

"अस्तर आज रात्री भिजेल, उद्या वाळेल, मग बेतणार. सुती अस्तर न भिजवता लावलं तर पहिल्याच धुण्यात आटतं, वरचं कापड फुगे धरतं. तेव्हा पुन्हा माझ्याकडेच येशील."

नकाराला असं कापडातलं कारण दिलं की पटतं. "मला वेळ नाही" म्हटलं की मात्र वेळ काढा म्हणतात. तिघींत मिळून दिवसाला सहा ब्लाउज होतात. वहीत रोजच्या पानावर सहाच रेघा आखल्यात, सहावी भरली की पान उलटायचं. दसरा झाला की दिवाळीचे ब्लाउज घेणं बंद, तशी पाटीच आहे. शिंप्याच्या तारखेवर कुणी विश्वास ठेवत नाही, आणि तो घालवलाय आम्हीच. मीही वर्षानुवर्षं तोंडावर "हो" म्हणायचे. मग त्या एका "हो"पायी बाईच्या तीन फेऱ्या, पाच फोन, प्रत्येक वेळी माझा पाय मशीनवरून खाली. "नाही"ला अर्धं मिनिट पुरतं.

एक ते चार बंद. पुण्यात यावर विनोद व्हायचेच. चितळ्यांनीसुद्धा दुपारचं दुकान उघडं ठेवायला सुरुवात केली, तुम्ही कोण लागून गेलात, असंही एकीने ऐकवलं. त्यांच्याकडे पाळीला माणसं आहेत. माझ्याकडे मीच आहे. 2017 चा राज्याचा दुकाने कायदा आला तेव्हा तो दहा किंवा जास्त कामगारांच्या आस्थापनांना लागू होता. तेव्हा त्यात दिवसाला नऊ तास, आठवड्याला 48, सलग पाच तासांनंतर निदान अर्धा तास सुट्टी असं होतं. आम्ही त्यात बसत नाही, पण आकडे मला आवडले, म्हणून मदतनिसांना तेच लावले. मालकिणीचे तास मोजायची तरतूद मात्र कुठल्याच कलमात सापडली नाही. तेव्हा जेवून तासभर आडवी होते. उरलेल्या वेळात हुक, काज, हेमिंग. शांत हाताचं काम.

चार ते सात ट्रायल. आरशापुढे प्रत्येकीला अर्धा इंच कमी हवा असतो, घरी गेल्यावर अर्धा इंच जास्त. म्हणून शिवणीत माया ठेवतेच.

सात वाजता शटर खाली. रस्त्यावर नणंदबाई उभ्या, हातात पिशवी. "वहिनी, फक्त फॉल-पिको गं." सगळ्या गिऱ्हाइकांना मी तारीख देते, घरच्यांना कधी देता आली नाही. आज मात्र वही पुन्हा उघडून त्यांचं नाव पुढच्या मंगळवारी लिहिलं. चौथी रेघ. त्या वहीकडे बघत राहिल्या, मग म्हणाल्या, "पैसे किती?" हे मला सुचलंच नव्हतं.

रात्री नऊ. माझा फोन दुकानातच, मुद्दाम. मी मेथी निवडत बसलेली. तेवढ्यात ह्यांचा फोन वाजला.

"काका, काकू आहेत का? ब्लाउजचं विचारायचं होतं."

"आंघोळीला गेलीय," ह्यांनी माझ्याकडे बघत सांगितलं, आणि एक जुडी स्वतःकडे ओढली.