माशातला पारा येतो कुठून?

मासा ताजा आहे का, हे आपण कल्ले उघडून पाहतो. पारा मात्र डोळ्यांना दिसत नाही, त्याला वास नसतो, आणि मासा कितीही शिजवला तरी तो जात नाही. मग तो माशात शिरतो कसा?

जपानमधलं मिनामाता घ्या. तिथला चिस्सो कंपनीचा कारखाना 1932 ते 1968 या काळात पारामिश्रित सांडपाणी समुद्रात सोडत होता. मासे खाणारी मांजरं झटके येऊन मरू लागली. 1956 मध्ये माणसांतल्या आजाराची अधिकृत नोंद झाली. हातपाय बधिर व्हायचे, बोलणं अडखळायचं, नजर अरुंद व्हायची. आईला फारसा त्रास नसतानाही काही बाळं जन्मतःच अपंग निघाली, कारण हा पारा वारेतून गर्भापर्यंत पोहोचतो.

आज समुद्रातला बराच पारा हवेतून येतो. कोळसा जळतो, सोन्याच्या छोट्या खाणींत पारा तापवला जातो. तो पावसाबरोबर पाण्यात उतरतो आणि जिवाणू त्याचं विषारी मिथाइल पाऱ्यात रूपांतर करतात. छोट्या माशाला मोठा मासा खातो, तसं प्रत्येक पायरीवर त्याचं प्रमाण वाढत जातं.

म्हणून मुशीसारख्या मोठ्या शिकारी माशांत पारा जास्त, तारली-मांदेलीत कमी. गरोदर बायकांनी मासे सोडू नयेत, लहान मासे निवडावेत.

पारा रोखण्यासाठीच्या मिनामाता करारात 2018 पासून भारतही आहे. मासा आपण निवडू शकतो. धुराड्यांवरचा लगाम मात्र सरकारकडेच मागावा लागेल.