अंधाराची वांटणी

ज्या घरांत माणसें पुष्कळ आणि दूध थोडें, त्या घरची गृहिणी दुधाचें भांडें मध्यें ठेवून 'ज्याला हवें त्यानें घ्यावें' असें कधींच म्हणत नाहीं. प्रथम तान्हें मूल, मग आजारी माणूस, मग वृद्ध, आणि उरेल तें इतरांच्या चहापुरतें, असा क्रम ती लावून देते. कोणाच्या तरी वांट्यास कमी येतें, परंतु घर चालतें. भारनियमन, म्हणजे आपल्या नित्य बोलण्यांतलें लोडशेडिंग, हें याच जातीचें कृत्य आहे. मागणी वाढून वीज अपुरी पडली म्हणजे आळीपाळीनें एकेका भागाची वीज ठराविक वेळ बंद ठेवावयाची, एवढाच त्याचा अर्थ. तेव्हां 'वीज कां बंद करतात?' या प्रश्नाइतकाच 'कोणाची, किती वेळ आणि कोणत्या न्यायानें बंद करतात?' हा प्रश्न आम्हांस महत्त्वाचा वाटतो.

प्रथम बंद करणें भागच कां पडतें, तें पाहूं. धान्य कणगींत राहतें, पाणी हौदांत राहतें. वीज मात्र ज्या क्षणीं निर्माण होते, त्याच क्षणीं बहुतेक सर्व खर्च व्हावी लागते. बॅटऱ्यांत, किंवा धरणाचें पाणी पुन्हां वर चढवून, तिचा कांहीं अंश राखतां येतो; परंतु एवढ्या मोठ्या देशाच्या गरजेपुढें तो अजून अल्पच आहे. आपल्याकडे विजेच्या प्रवाहाचीं आवर्तनें सेकंदास ५० असावीं लागतात. मागणी पुरवठ्याहून वाढली कीं वीजगृहांतील यंत्रें चढावर जड गाडी ओढणाऱ्या बैलांप्रमाणें मंदावतात आणि ही संख्या घसरते. ती फारच घसरली तर यंत्रें स्वसंरक्षणार्थ आपोआप जाळ्यापासून सुटतात. त्यांचा भार उरलेल्यांवर पडतो, आणि मग तींही सुटतात. थोड्यांचा दिवा वेळीं मालविला नाहीं, तर सर्वांचाच मालवतो, तो असा.

जाळ्यावर न पेलणारा भार पडला म्हणजे काय होतें, याचा प्रत्यय २०१२ सालीं आला. ३० जुलै रोजीं उत्तर भारताचें वीजजाळें कोसळलें, आणि दुसऱ्याच दिवशीं उत्तरेबरोबर पूर्वेचें व ईशान्येचेंही कोसळलें. सुमारें ६० कोटि लोकांचें जीवन विस्कळित झालें. आगगाड्या जागच्या जागीं थांबल्या. बीना-ग्वाल्हेर या वाहिनीवर अतोनात भार येऊन ती सुटली, तेथून अनर्थाची सुरुवात झाली. कांहीं राज्यें ठरलेल्या वांट्याहून अधिक वीज ओढीत होतीं, हेंही कारणांत नमूद झालें. सुदैवानें पश्चिमेचें जाळें तगलें, म्हणून महाराष्ट्रांतील दिवे चालूं राहिले.

परंतु महाराष्ट्रानें अंधार पाहिला नाहीं असें नव्हे. २००५ सालच्या सुमारास येथें विजेचा तुटवडा तीव्र झाला. मागणी वर्षानुवर्षें वाढत होती, नवीं वीजगृहें त्या मानानें उभीं राहिलीं नव्हतीं, आणि दाभोळचें मोठें वीजगृह २००१ पासून बंद होतें. खेड्यापाड्यांत दिवसांतून बारा-बारा तास वीज नसे, तर मुंबई शहरांतील दिवे बहुधा अखंड असत. शेतकऱ्यास पंपासाठीं वीज मिळे ती पुष्कळदां मध्यरात्रीं. साप-विंचवांच्या वाटेनें बॅटरी घेऊन तो पिकाला पाणी देई. गिरणीपुढें दळणाच्या डब्यांची रांग लागे. वाड्यावस्त्यांवरून आमच्या वर्गांत येणारीं दहावीचीं मुलें रात्रीं कंदिलाशीं वाचून सकाळीं डोळे चोळीत बांकावर बसत. शहरांतील त्यांच्याच वयाचीं मुलें त्याच प्रश्नपत्रिकेस बसणार होतीं.

तो अंधार वांटण्याचें एक तत्त्व असें होतें, कीं जेथें विजेची गळती व चोरी अधिक आणि बिलांची वसुली कमी, तेथें भारनियमन अधिक. बिल भरणाऱ्यानें न भरणाऱ्यासाठीं अंधारांत कां बसावें, हा युक्तिवाद वरकरणीं बिनतोड आहे, आणि त्यांत तथ्यही आहे. परंतु शिक्षा विभागाला होते, व्यक्तीला नव्हे. तारेवर आंकडा टाकणारा एक, आणि त्याच्या पायीं महिन्याच्या महिन्यास बिल भरणारा शेजारी अंधारांत! शाळेंत एकाच्या खोडीसाठीं सबंध वर्गास उभें करणारा मास्तर शिस्त लावीत नाहीं. तो केवळ आपला शोध घेण्याचा त्रास वांचवितो.

पुण्यानें २००६ सालीं निराळा मार्ग काढला. तुटवड्याच्या वेळीं कारखान्यांनीं आपलीं स्वतःचीं जनित्रें चालवावींत, त्यांच्यामुळें वांचणारी वीज शहरास मिळावी, आणि डिझेलचा जादा खर्च शहरांतील अधिक वापर करणाऱ्या ग्राहकांनीं सोसावा, अशी ती योजना. वीज नियामक आयोगानें तीस संमति दिली आणि पुण्याचें भारनियमन टळलें. योजना चतुर खरी. परंतु ज्या गांवांत कारखाने नाहींत आणि लोकांच्या हातीं पैसा नाहीं, त्यांच्या उपयोगाची ती नव्हती. त्याच सुमारास 'अक्षय प्रकाश' योजनेंत कित्येक गांवांनीं सायंकाळीं पंप आणि मोठीं उपकरणें बंद ठेवण्याचें आपखुषीनें मान्य केलें, आणि त्या बदल्यांत घरोघरचे दिवे राहिले. तेथें वांटणी गांवानेंच ठरविली, म्हणून ती टोंचली नाहीं. पुढें गांवठाणाच्या आणि शेतीच्या वाहिन्या ठिकठिकाणीं वेगळ्या केल्या गेल्या. शेतीस दिवसां सौर वीज देण्याची योजना २०१७ पासून आली. रात्रीच्या पाण्याचा जाच जावयाचा तर तो याच मार्गानें जाईल.

ते दिवस सरले, असें म्हणून मात्र निश्चिंत राहतां येत नाहीं. एप्रिल २०२२ मध्यें उन्हाळा कडक आणि कोळसा तोकडा पडतांच राज्याच्या कांहीं भागांत भारनियमन पुन्हां करावें लागलें. ३० मे २०२४ रोजीं देशाची मागणी सुमारें २ लक्ष ५० हजार मेगावॉटपर्यंत चढली. उन्हाळे तापत आहेत, वातानुकूलन यंत्रें वाढत आहेत, आणि सूर्य मावळल्यावर सौर वीज थांबते त्याच वेळीं घरोघरचे दिवे लागतात.

म्हणून आमचें सांगणें दोन बाजूंस आहे. वीज देणारांस हें, कीं वेळापत्रक आधीं कळवा आणि तें पाळा. रुग्णालयांप्रमाणेंच ज्यांच्या घरीं प्राणवायूच्या यंत्रावर रुग्ण आहे त्यांचाही विचार ठेवा. आणि अंधार दुबळ्याच्याच दारीं पुन्हां पुन्हां पाठवूं नका. घरोघरच्या कर्त्या माणसांस हें, कीं कपडे धुण्याचें यंत्र, इस्त्री आणि गच्चीवर पाणी चढविणारा पंप हीं कामें सायंकाळऐवजीं दुपारीं उरकावींत, आणि वातानुकूलन २४ अंशांच्या खालीं नेऊं नये. इन्व्हर्टर घेतल्यानें आपली अडचण भागते, पण टंचाई भागत नाहीं. तो जितकी वीज देतो त्याहून अधिक जाळ्यांतूनच घेतो.

संस्कृतांत 'संविभाग' असा एक सुंदर शब्द आहे. आपल्याजवळचें दुसऱ्यास वांटून मग आपण भोगणें, असा त्याचा भाव. अन्नाच्या बाबतींत तो आपल्या घरांत मुरलेला आहे. सायंकाळच्या दोन तासांत आपण न जाळलेली वीज कोणत्या वस्तीवर गेली, हें आपणांस कधीं कळणार नाहीं. पण वाढलेलें अन्न कोणाच्या अंगीं लागलें, याचा हिशेब तरी गृहिणी कोठें ठेवते?