सी नको, वाय नको!

बेंजामिन फ्रँकलिन यांनी १७६८ साली लंडनच्या मुक्कामात इंग्रजीची सहा अक्षरं हद्दपार केली: सी, जे, क्यू, डब्ल्यू, एक्स आणि वाय. त्यांच्या जागी सहा नवी घडवली, म्हणजे बेरीज पुन्हा सव्वीसच! एका ध्वनीला एकच अक्षर, आणि जे लिहिलंय ते सगळं उच्चारायचं. देवनागरीत वाढलेल्या माणसाला यात फारसं नवल वाटणार नाही. इंग्रजीत मात्र ही बंडखोरी होती. घरमालकिणीची मुलगी पॉली हिच्याशी त्यांनी या नव्या लिपीत पत्रव्यवहार केला. पॉलीनं त्याच लिपीत लिहून कळवलं, की यात अडचणी पुष्कळ आहेत, शब्दांची व्युत्पत्तीच पुसली जाईल. फ्रँकलिननी तिच्या आक्षेपांना सविस्तर उत्तर दिलं, आणि या अक्षरांचे छपाईचे खिळेसुद्धा ओतून घेतले. हाडाचे मुद्रक ते! मग अमेरिकेचं स्वातंत्र्य, पॅरिसमधली राजदूतगिरी असल्या ‘किरकोळ’ कामांत अठरा वर्षं निघून गेली.

मे १७८६मध्ये त्यांना न्यूयॉर्कहून एक पत्र आलं. लिहिणारा नोआ वेबस्टर, वय सत्तावीस. तीन वर्षांपूर्वी निघालेलं त्याचं स्पेलिंगचं पुस्तक शाळांमधून चांगलं खपत होतं. फ्रँकलिन तेव्हा ऐंशीचे, नुकतेच फ्रान्सहून परतून फिलाडेल्फियात पेनसिल्व्हेनियाचा कारभार पाहत होते. वेबस्टरनं स्पेलिंग-सुधारणेची आपली योजना सोबत जोडून अदबीनं त्यांचं मत विचारलं होतं. महिनाभराच्या आत, १८ जूनच्या तारखेचं उत्तर आलं: सुधारणा गरजेची आहे, शक्यही आहे, आपले विचार बरेचसे जुळतात, पण योजना पक्की करण्याआधी समक्ष भेटू या. कारण मोठं मजेशीर आहे. जोवर नवी मुळाक्षरं ठरत नाहीत, तोवर ध्वनींची चर्चा कागदावर धड करताच येत नाही!

पुढे फ्रँकलिननी आपली सगळी पुंजीच या तरुणापुढे ठेवली. हे काम रेटायचं आपलं वय उरलं नाही, असं सांगून त्यांनी हस्तलिखित आणि ते खिळे वेबस्टरला देऊ केले. देशातला सर्वांत मान्यवर वडीलधारा माणूस आपलं अपुरं स्वप्न ओंजळीत घालतोय. कोण नाही म्हणेल?

वेबस्टरनं म्हटलं. १७८९मध्ये बॉस्टनला त्याचा इंग्रजी भाषेवरचा निबंधसंग्रह छापला गेला. अर्पणपत्रिका फ्रँकलिनना, आणि त्याच पुस्तकात स्पष्ट मत, की नवी अक्षरं गरजेचीही नाहीत आणि व्यवहार्यही नाहीत. आहेत त्याच अक्षरांत भागवा, मुकी अक्षरं तेवढी गाळा. ‘हेड’मधला ए काढा, ‘गिव्ह’च्या शेवटचा ई काढा. मला हा नकार त्या अर्पणपत्रिकेइतकाच आदराचा वाटतो, कारण नाही म्हणण्याआधी त्यानं म्हाताऱ्याची कल्पना नीट तपासलेली दिसते.

म्हातारा रागावला का? छे. २६ डिसेंबर १७८९च्या पत्रात त्यांनी आधी आभार मानले, पुस्तकाची वाखाणणी केली आणि आजारपणामुळे उत्तराला उशीर झाला म्हणून दिलगिरी कळवली. मग मात्र तक्रारींची पोतडी उघडली. आपण फ्रान्सला असताना इकडे ‘नोटिस’, ‘ॲडव्होकेट’ आणि ‘प्रोग्रेस’ या साध्या नामांची क्रियापदं करून टाकलीत! तिसरं तर अगदी ओंगळ. वेबस्टर सहमत असेल, तर त्यानं आपलं वजन वापरून ही थेरं बंद पाडावीत.

एकेकाळी सहा अक्षरांना नारळ देणारे हेच ते गृहस्थ. त्यांचं पुढचं गाऱ्हाणं छपाईचं होतं, आणि तिथं त्यांची नजर पहा किती बारीक. तेव्हाच्या छपाईत एफसारखा दिसणारा एक लांबुडका एस असे. नव्या मुद्रकांनी तो टाकून सगळीकडे आखूड एस वापरायला घेतला होता. ओळ गुळगुळीत दिसते खरी, फ्रँकलिन म्हणतात, पण माणसांची नाकं छाटली तर चेहरेही सपाट होतील आणि कोण कोणता ते ओळखू येणार नाही! काळ्याऐवजी करड्या शाईत छापण्याची फॅशन म्हाताऱ्या डोळ्यांना जाचते, हेही त्यात आलंच. प्रश्नचिन्हाबद्दलची सूचना मला सर्वांत आवडते: स्पॅनिशमध्ये असतं तसं ते वाक्याच्या सुरुवातीलाही हवं, म्हणजे मोठ्यानं वाचणाऱ्याला आवाज कधी चढवायचा ते आधीच कळेल. तोंडानं वाचायच्या मजकुराचा केवढा विचार!

१७ एप्रिल १७९०ला फ्रँकलिन गेले. वेबस्टरचा सत्तर हजार शब्दांचा मोठा कोश १८२८मध्ये आला, तेव्हा तो स्वतः सत्तरीत पोचला होता. तोवर त्याचाही सुधारणेचा जोर ओसरला होता. यू गाळलेला ‘कलर’ त्यानं टिकवला, पण तरुणपणीची कितीतरी स्पेलिंगं सोडून दिली. फ्रँकलिनना खुपलेली ती तिन्ही क्रियापदं मात्र त्या कोशात आहेत, ‘प्रोग्रेस’सकट.